दाभणकाकूंचा डावा हात

ड्रॅगन मरतो तेव्हा सगळाच्या सगळा एकदम मरत नाही. हृदय थांबतं, डोळ्यांवर साय धरते, शेपूट दोन-तीन दिवस वळवळून गप्प होतं. पण यकृताच्या खाली जी भट्टी असते, तिला हा निरोप पोचतच नाही. ती आपली जळत राहते. नवव्या दिवशी मढं आतून तापतं, गोठलेलं रक्त डांबरासारखं सैल होऊन पुन्हा हलायला लागतं आणि ड्रॅगन उठून बसतो. शहाणी गावं त्याआधीच आठ दिवस त्याच्या घशात पाणी ओतून भट्टी विझवतात. कमी शहाणी गावं पळून जातात. आणि अतिशहाणी गावं त्याच्याभोवती नळ गुंडाळतात.

आमचं शहर तिसऱ्या प्रकारातलं. आमचा ड्रॅगन उठला त्याला एकशे बारा वर्षं झाली. 'ड्रॅगन' हा शब्द फक्त कागदावर. बोलताना सगळे 'थोरले' म्हणतात. नदीकाठी उष्णजल खात्याची पत्र्याची शेड आहे, तिच्यात ते पुढचे पंजे जुळवून पोटावर बसलेले असतात, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखे. अंगाभोवती तांब्याच्या नळांचे वेढे. एका बाजूने नदीचं गार पाणी आत जातं, दुसऱ्या बाजूने कढत बाहेर येतं, आणि त्यावर इस्पितळ, धोबीखाना आणि चार हजार न्हाणीघरं चालतात.

थोरले खात नाहीत, झोपत नाहीत. श्वासही घेत नाहीत. बरगड्या तासातून दोनदा हलतात त्या उष्णतेने फुगून. डोळे वाळून गेले आहेत. ऐकू येतं ते जमिनीला टेकलेल्या पोटातून, म्हणजे पावलं कळतात, बोलणं कळत नसावं. मेंदू सुपारीएवढा उरला आहे असं म्हणतात. पण स्नायूंना सवयी लागतात. एखादी गोष्ट काही शेकडा वेळा घडली की ती त्यांच्यात मुरते, आणि मुरलेलं पुन्हा निघत नाही. खात्यातले लोक म्हणतात, सरकारी नोकरीत राहून असं होणारच.

त्यांना मरायची सोय नाही. उठल्यानंतर भट्टीवर पाणी पडलं तर ती फुटते. नदीच्या वरच्या अंगाला एक गाव होतं तिथे आता तळं आहे. तुकडे करावेत तर प्रत्येक तुकडा आपापल्या परीने चालू राहतो. साठ वर्षांपूर्वी तुटलेलं एक नख मोठ्या साहेबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं आहे. थंडी वाढली की ते मिटतं आणि कागद फाडतं.

आणि त्यांचं काही भरून येत नाही. जिवंत ड्रॅगनचं कातडं वर्षाला एकदा नवं होतं. थोरल्यांचं मेल्या दिवशी जे होतं तेच आहे. उष्णतेने ते वाळतं, तडकतं, फाटतं. म्हणून ते शिवावं लागतं.

हे शिवणकाम दाभणकाकू करतात.

हे नाव त्यांना त्यांच्या दाभणावरून पडलं, जे वीतभर लांब आहे आणि त्यांच्या अंबाड्यात खोचलेलं असतं. लग्नाआधी त्या पोती शिवायच्या. मागणी आली ती त्यामुळेच, असं त्यांचा नवरा सांगतो. काकू म्हणतात, दुसऱ्या कुणी हो म्हटलं नव्हतं. शेडच्या मागच्या दोन खोल्या या कामाबरोबर मिळतात आणि काम सासूकडून सुनेकडे जातं. खोल्यांची एक भिंत बारा महिने गरम असते. तिच्यावर कपडे वाळतात, पीठ आंबतं आणि काकूंची नणंद गुडघे शेकते. ही नणंद विधवा होऊन आली ती त्या भिंतीपाशीच बसली. काकूंना एक मुलगा आहे, तो दुसऱ्या शहरात नकाशे काढतो आणि लग्नाचा विषय निघाला की पत्र पाठवायचं थांबवतो. तेव्हा पुढच्या सुनेचा प्रश्न नाही.

शिवायची रीत अशी. जिथे फाटलंय तिथे डावा तळवा सपाट ठेवायचा. "टोचतंय हं, थोरले," असं म्हणायचं. मनात वीस अंक मोजायचे. मग उजव्या हाताने दाभण घालायचं, मेण चोळलेली दोरी ओढायची, गाठ मारायची. प्रत्येक टाक्याला हे सगळं पहिल्यापासून.

काकूंनी नवी नवरी असताना सासूला विचारलं होतं, तळवा कशाला?

"खालून रक्त चाललं असेल तर हाताला चटका बसतो. तिथे टोचलं तर डांबर उडतं तोंडावर."

"आणि 'टोचतंय हं' कशाला?"

"मग काय मुकाट्याने टोचणार? चोर आहेस का तू?"

तेहेतीस वर्षं त्यांनी तळवा ठेवला आणि 'टोचतंय हं' म्हटलं.

खात्याचं एक जुनं पुस्तक आहे, थोरल्यांच्या देखभालीचं. त्याच्या दुसऱ्याच पानावर लिहिलंय: 'उठलेल्या ड्रॅगनास वेदना नसते.' कशावरून, ते लिहिलेलं नाही. एकशे बारा वर्षांत कुणी विचारलंही नाही, कारण ज्याला विचारायचं तो बोलत नाही आणि जे बोलतात त्यांना गरम पाणी हवं असतं.

आठ वर्षांपूर्वी काकूंचा डावा हात उकळत्या मेणाने भाजला. आठवडाभर पट्टी होती. काम तर थांबवता येत नव्हतं, डाव्या बगलेतली चीर रोज बोटभर वाढत होती. काकूंनी पट्टीचा हात पदरात गुंडाळला आणि तळवा न ठेवताच दाभण घातलं.

थोरले दचकले.

दुसरा शब्द नाही. सबंध बगल हातभर मागे गेली, नळाचे दोन वेढे सुटले आणि इस्पितळात दुपारपर्यंत गार पाणी आलं. खात्याने नोंद केली: 'सांध्यांचा ढिलेपणा.' काकूंनी काहीच सांगितलं नाही. पट्टी सुटल्यावर त्यांनी तळवा ठेवून टाका घातला. थोरले हलले नाहीत. पण या वेळी काकूंचं लक्ष दाभणाकडे नव्हतं, तळव्याकडे होतं. तळवा टेकल्यावर सात-आठ अंकांतच खालचं कातडं आवळलं. दात काढणाऱ्यापुढे बसल्यावर माणूस खुर्चीचा हात धरतो, तसं. वीस होईपर्यंत ते दगडासारखं झालं. मग दाभण गेलं. मग हळूहळू सैल पडलं.

म्हणजे तळवा चटका बघायला नव्हता. तळवा म्हणजे निरोप होता. आणि एकशे बारा वर्षं थोरले तो निरोप मिळाला की दात आवळून गप्प बसत होते.

काकूंनी हे घरी सांगितलं. नवरा धोबीखान्यात चादरी धुतो, तोही गरम पाण्यावरच जगतो. तो म्हणाला, "मग तू काय करणार? शिवलं नाही तर फाटतं. फाटलं तर दुखणार नाही का?"

"जास्त दुखेल."

"मग शीव."

नणंद भिंतीला पाठ लावून बसली होती. ती म्हणाली, "मेलेल्याचं दुखतंय ते कळलं हिला. इथे जिवंत माणूस वीस वर्षं गुडघे धरून कण्हतंय."

"तुमच्याही गुडघ्यावर हात ठेवू का, वन्सं?"

"ठेव की. दाभण तेवढं बाहेर ठेवून ये."

काकू शिवत राहिल्या. एवढंच केलं की वीसच्या ऐवजी तीस मोजायला लागल्या आणि टाके जरा लहान घालायला लागल्या, की दाभण खोल जायला नको. त्यामुळे काम हळू झालं. पुढे उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तेव्हा आणखी हळू. दिवसाला सोळा टाके पडायचे ते सातावर आले. थोरले मात्र आपल्या वेगाने फाटत होते.

यंदा खात्याने ठरवलं की शिवणकाम बंद. सबंध कातडं एकदाच लोखंडी पट्ट्या घालून रिबिटांनी जोडून टाकायचं. एक हजार एकशे चाळीस रिबिटं, प्रत्येक अंगठ्याएवढं जाड, लाल तापवून ठोकायचं. एकदा ठोकलं की पन्नास वर्षं बघायला नको. काकूंना दोन खोल्या राहायला तशाच मिळणार होत्या. साहेब माणूस चांगला होता, त्याने हे आधी सांगितलं.

"साहेब, त्यांना दुखतं," काकू म्हणाल्या.

"कुणाला?"

"थोरल्यांना."

साहेबाने पुस्तक काढलं, दुसरं पान उघडलं आणि काकूंकडे फिरवून ठेवलं. काकूंनी वाचलं नाही, चष्मा घरी होता. पण पान कुठलं ते त्यांना माहीत होतं.

"मी तेहेतीस वर्षं हात लावतेय, साहेब. पुस्तक लिहिणाऱ्याने किती वर्षं लावला?"

साहेब हसला. मग हसायचं थांबला, कारण त्यालाही ते माहीत नव्हतं. "अर्ज द्या," तो म्हणाला. "मी तज्ज्ञांना बोलावतो. त्यांनी लिहून दिलं की दुखतं, तर रिबिटं रद्द. मग दोन बायका नेमू तुमच्या हाताखाली, शिवत बसा. पण त्यांनी लिहून द्यायला पाहिजे."

एवढं स्पष्ट आश्वासन खात्यात कुणाला पूर्वी मिळालं नव्हतं. काकूंनी नवऱ्याकडून अर्ज लिहून घेतला. नवऱ्याने 'वेदना' हा शब्द तीनदा घातला, म्हणजे एखादा तरी वाचला जाईल.

तज्ज्ञ महिन्याभराने आले. मेलेल्या प्राण्यांचा अभ्यास केलेला, बारीक, नीटनेटका माणूस. रुमालाने खुर्ची पुसून मग बसायचा. त्यांनी काकूंचं म्हणणं मन लावून ऐकलं, मध्ये दोन प्रश्नही विचारले, आणि प्रश्न बरोबर होते. काकूंना हुरूप आला. तज्ज्ञांच्या पेटीत एक सुई होती, साध्या दाभणाच्या दुप्पट. तीन जागी, तीन वेळा टोचायचं, आणि बाजूला लावलेल्या पट्टीवर कातडं किती हललं ते बघायचं, अशी परीक्षा होती.

"न सांगता टोचायला पाहिजे," काकू म्हणाल्या. "सांगितलं की ते सोसतात."

"अर्थातच," तज्ज्ञ म्हणाले. "सर्वांत हळवी जागा कुठली, ते दाखवा."

काकूंनी दाखवली. डाव्या पायाच्या वर, पंखाच्या मुळाशी, जिथे कातडं पातळ आहे. आणि जागा दाखवायची म्हणजे काकू जशी दाखवतात तशी दाखवली: डावा तळवा सपाट टेकवून.

तज्ज्ञांनी सुई नेम धरून उचलली. काकूंनी हात उचलायला हवा होता. त्या आदल्या दिवसभर स्वतःला हेच बजावत होत्या. भाकऱ्या थापतानासुद्धा तेच पुटपुटत होत्या, असं नणंद सांगते. हात तिथेच राहिला. तज्ज्ञांनी चष्मा सारखा केला, पट्टी लावली, घड्याळात पाहिलं. एवढ्यात वीस अंक सहज झाले असतील. सुई गेली. थोरले हलले नाहीत.

"पुढची," तज्ज्ञ म्हणाले.

दुसऱ्या जागी तेच झालं. तिसऱ्या जागी काकूंचे ओठ हलले, असं साहेबाने पाहिलं. काय म्हणाल्या ते त्याला ऐकू आलं नाही, पण ते काय असणार हे सांगायला साहेब लागत नाही.

सुई परत पेटीत गेली तेव्हा काकूंनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या. "माझा हात होता. हात नको. हाताशिवाय करा."

"बाई, तीन वेळा झालं."

"चौथ्यांदा करा."

तज्ज्ञांनी छापील कागद त्यांच्यापुढे धरला. त्यावर तीन रकाने होते, आणि तिन्हींत शून्य लिहून झालं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याने चौथा रकाना कुठे आखता येईल का, म्हणून कागद उलटूनही पाहिला. मागची बाजू सहीसाठी होती.

संध्याकाळी काकूंनी नवऱ्याला सांगितलं, की सवयीने झालं. नणंदेला सांगितलं, की त्यांना न सांगता कुणी टोचतंय हे बघवलं नाही. दोन्ही खरं असावं. नणंद त्यावर काहीतरी बोलणार होती, तिने तोंड उघडलंही होतं. पण तिने उठून चहा टाकला. गुडघे धरल्यापासून ती पहिल्यांदाच चुलीपाशी गेली असेल.

अहवाल आला: 'वेदना आढळली नाही.' आता ते पुस्तकातही होतं आणि कागदावरही, म्हणजे आधीपेक्षा दुप्पट खरं झालं.

रिबिटवाले सोमवारी आले. मुकादम मोठ्या आवाजाचा, खाली मान घालून काम करणारा माणूस. पहिलं रिबिट लाल करून मानेखाली लावलं आणि घण घातला. थोरल्यांनी मान फिरवली. एका रिबिटवाल्याचा खांदा निखळला, शेगडी उलटली. कुणी ओरडलं नाही, कारण ओरडायला वेळच मिळाला नाही. मुकादमाने शेडबाहेर येऊन साहेबाला सांगितलं, की असं हलत राहिलं तर आधी पाठीच्या दोऱ्या तोडाव्या लागतील. म्हणजे मणक्याच्या दोन्ही बाजूंचे जाड स्नायू, मानेपासून कमरेपर्यंत, करवतीने. मग हलणार नाही. पंधरा दिवसांचं काम.

साहेब काकूंच्या दारात आला. चप्पल बाहेर काढून आला, त्यावरून तो काही मागायला आलाय हे काकू समजल्या.

"काकू, तुमचा हात ठेवाल का?"

"म्हणजे दुखतं, हे मानलं तुम्ही."

साहेब खाली बघत राहिला. "अहवालाप्रमाणे तो सांध्यांचा ढिलेपणा आहे. तुमचा हात ठेवला की ढिलेपणा जातो, एवढंच. मला दुसरं काही लिहिता येत नाही, काकू. दोऱ्या तोडायचा कागद उद्या माझ्याकडे येईल, त्यावर सही तर मला करता येते."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चादरीच्या घड्या घालत होता. "तू नाही गेलीस तर करवत," तो म्हणाला. "गेलीस तर घण. मी काय सांगू?"

काकू गेल्या.

रोज चाळीस रिबिटं. काकू बाकावर बसायच्या, तळवा टेकवायच्या, "टोचतंय हं, थोरले," म्हणायच्या. टोचणं हा शब्द आता पुरेसा नव्हता, पण थोरल्यांना दुसरा ओळखीचा नव्हता. मुकादम हातात घण घेऊन थांबायचा. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "किती मोजायचं?"

"तीस."

"वीस चालणार नाही? लोखंड गार होतं."

"मग पुन्हा तापवा."

मुकादम तीस मोजायला शिकला. तळव्याखाली कातडं आवळायचं, घण पडायचा, जळका वास यायचा, आणि आधी ते सैल पडायला काही क्षण लागायचे, तिथे आता अर्धा तास लागायला लागला. मग ते सैल पडायच्या आतच पुढचं रिबिट यायचं. थोरले एकदाही हलले नाहीत. करवत शेडच्या कोपऱ्यात कागदात गुंडाळलेलीच राहिली. मुकादमाने साहेबाला सांगितलं, की अशी बाई प्रत्येक कामावर पाहिजे.

विसाव्या दिवशी सकाळी काकू शेडच्या दारातून आत आल्या. सातशे साठ रिबिटं झाली होती, तीनशे ऐंशी उरली होती. रिबिटवाले आधीच येऊन शेगडी पेटवत होते, हसत-बोलत होते, एक जण थोरल्यांच्या पाठीवर डबा ठेवून खात होता. काकूंनी उंबरठ्याच्या आत दोन पावलं टाकली, आणि थोरले आवळले.

सबंध. मानेपासून सुरू होऊन बगल, पाठ, मांड्या, पार शेपटीच्या टोकापर्यंत. कातड्याला सुरकुती म्हणून उरली नाही. नळांचे वेढे कुरकुरले. पाठीवरचा डबा घसरून खाली पडला.

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग एक पाऊल मागे गेल्या. थोरले सैल पडले नाहीत. त्या बाहेर अंगणात जाऊन नळापाशी थांबल्या, पाणी प्यायल्या, बऱ्याच वेळाने परत आल्या. चपला काढून, चवड्यांवर चालत आल्या. थोरल्यांना ते पाऊलही माहीत होतं.

मुकादम चहूबाजूंनी फिरून आला. कातड्यावर घणाच्या दांड्याने टकटक करून पाहिलं, दगडासारखं वाजलं.

"काकू," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच कौतुक होतं, "आता हात ठेवायचीसुद्धा गरज नाही. तुम्ही नुसत्या इथे बसा. म्हणजे आम्हाला चारही बाजूंनी एकदम ठोकता येईल. दहा दिवसांचं काम चारात उरकतं. त्यांचीही सुटका."

काकूंनी त्याला विचारलं, "आणि मी गेले तर?"

"तर हलतील. मग करवत आहेच."

त्याने काकूंचा बाक उचलून शेडच्या मधोमध आणून ठेवला, वर पोतं दुमडून घातलं. काकू बसल्या. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना, म्हणून दोन्ही मांडीवर ठेवले. चारही कोपऱ्यांत घण उचलले गेले, आणि मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने मोजायला लागला.